भंगारात दिलेल्या फोनचं पुढे काय होतं?

२०२५च्या ऑक्टोबरात, ऐन दिवाळीच्या साफसफाईत, ‘विंडोज १०’ला मिळणारी मोफत सुरक्षा अपडेट बंद झाली. तारीख १४. त्या आठवड्यात आमच्या मुलुंडच्या सोसायटीत निदान तीन घरांतून एकच प्रश्न कानावर आला: चांगला चालणारा कॉम्प्युटर आता काय भंगारात घालायचा? ‘विंडोज ११’ जुन्या प्रोसेसरवर चढत नाही, आणि अपडेट नसलेल्या मशीनवर बँकेचे व्यवहार करायला जीव धजत नाही.

त्याच सुमारास मी आमचा पोटमाळा उतरवला. जुन्या पद्धतीचा जाडजूड मॉनिटर, दोन कीबोर्ड, तीन सेट-टॉप बॉक्स, बटणांचे चार मोबाइल, चार्जरच्या वायरींचा गुंता, गणपतीच्या मखराला लावलेल्या आणि पुढच्या वर्षी न पेटलेल्या दिव्यांच्या माळा. शिवाय एक स्मार्टफोन, ज्याचं मागचं झाकण आतल्या बॅटरीने पुरीसारखं फुगून वर उचललं होतं. सगळं गोणीत भरून मी नेहमीच्या भंगारवाल्याला हाक मारली. त्याने वस्तू एकेक करून पाहिल्या, मॉनिटर बाजूला ठेवला आणि फुगलेला फोन माझ्या हातात परत दिला. “हा नको ताई. हा पेटतो.”

जो माणूस सगळं घेतो, तोही जी वस्तू घ्यायला नको म्हणतो, तिचं करायचं काय, हे मला माहीत नव्हतं. म्हणून शोधायला लागले. जे कळलं ते इथे शक्य तितक्या सोप्या शब्दांत मांडते.

ई-कचरा कशाला म्हणायचं?

साधी खूण अशी: जिला प्लग, वायर किंवा बॅटरी आहे ती वस्तू निकामी झाली की तो ई-कचरा. मोबाइल आणि कॉम्प्युटर आपल्याला लगेच आठवतात, पण मिक्सर, गिझर, ट्यूबलाइट, रिमोट, दिवे लागणारी खेळणी, गच्चीवरची सोलर पॅनलं, सगळं यातच मोडतं. आपल्याकडच्या नियमांत आधी अशा २१ वस्तूंची यादी होती. २०२२च्या नियमांत ती १०६वर गेली. हे नियम १ एप्रिल २०२३पासून लागू आहेत.

एवढा वाढला कसा?

संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांनी २०२४मध्ये काढलेल्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात जगात ६ कोटी २० लाख टन ई-कचरा झाला. त्यातला फक्त २२.३ टक्के नोंदणीकृत मार्गाने गोळा होऊन रिसायकल झाला. हीच चाल राहिली तर २०३०पर्यंत वर्षाचा आकडा ८ कोटी २० लाख टनांवर जाईल. भारताचा वाटा सुमारे ४१ लाख टन, म्हणजे चीन आणि अमेरिकेच्या खालोखाल तिसरा नंबर. माणशी हिशेब केला तर आपण वर्षाला तीन किलोच्या आत आहोत, जगाची सरासरी आहे ७.८ किलो. पण ही सरासरी गावपाड्यांसकट सगळ्या देशाची आहे. मुंबईतलं एखादं चौकोनी कुटुंब डोळ्यांसमोर आणा. चार फोन, दोन लॅपटॉप, टीव्ही, राउटर, दोन एसी, कानातले ब्लूटूथ, मनगटावरची घड्याळं. वीस वर्षांपूर्वी याच घरात एक टीव्ही, एक लँडलाइन आणि एक टेपरेकॉर्डर होता.

वस्तू वाढल्या हे एक. त्या लवकर मरायला लागल्या हे दुसरं, आणि मला ते जास्त टोचतं. पूर्वीच्या फोनची बॅटरी नखाने झाकण उघडून बदलता यायची, आता ती गोंदाने चिकटवलेली असते. स्क्रीन फुटली की दुरुस्तीचा खर्च नव्या फोनच्या निम्म्यावर जातो. आणि कधी कधी वस्तू धडधाकट असूनही सॉफ्टवेअरचा आधार निघून जातो, ‘विंडोज १०’चं झालं तसं. केंद्र सरकारने डिसेंबर २०२२मध्ये ‘राइट टू रिपेअर’ म्हणजे दुरुस्तीच्या हक्काचं पोर्टल सुरू केलं. त्याने सुरुवात झाली आहे, पण दुकानात फोन घेताना “याची बॅटरी कोण बदलतं आणि कितीला?” हे विचारायची सवय आपल्याला अजून लागलेली नाही.

आत असतं काय?

झवेरी बाजारात सोनारांच्या कारखान्यांतला केर विकला जातो. फरशीवरची धूळसुद्धा कोणी फुकट टाकत नाही, कारण त्यात सोन्याचा कीस असतो. ती धूळ धुऊन सोनं काढणाऱ्यांना आपल्याकडे झारेकरी म्हणतात. ई-कचरा रिसायकल करणं हे मूळात झारेकऱ्याचंच काम आहे, फक्त केर बदलला आहे.

फोनमधल्या हिरव्या पट्टीला सर्किट बोर्ड म्हणतात. तिच्यावर तांब्याच्या वाटा असतात, जोडांना कथील, आणि गंज चढू नये म्हणून टोकांवर सोन्याचा अतिशय पातळ मुलामा. शिवाय चांदी आणि पॅलेडियम नावाचा मौल्यवान धातू. बॅटरी काढलेले एक टन मोबाइल घेतले तर त्यात तीनशे ग्रॅमच्या आसपास सोनं असतं. खाणीत एक टन दगड फोडून पाच ग्रॅम सोनं मिळालं तरी ती चांगली खाण समजली जाते. आपली कोलारची खाण २००१मध्ये बंद झाली. आज देशातली सोन्याची खरी खाण कपाटांच्या खणांत पसरलेली आहे. हे जपानने करून दाखवलं. २०२०च्या टोकियो ऑलिंपिकची सगळी पदकं, जवळजवळ पाच हजार, लोकांनी दिलेल्या जुन्या उपकरणांतल्या धातूंपासून बनली. त्यासाठी सुमारे ७९ हजार टन उपकरणं आणि ६२ लाख मोबाइल गोळा झाले, आणि त्यातून ३२ किलो सोनं निघालं.

पण या केरात सोन्याच्या शेजारी विषही बसलेलं आहे. माझ्या त्या जाडजूड मॉनिटरच्या काचेत अर्धा ते दोन किलोपर्यंत शिसं असू शकतं. किरणांपासून पाहणाऱ्याचं रक्षण व्हावं म्हणून ते घालत. ट्यूबलाइट आणि सीएफएलमध्ये पारा असतो. प्लास्टिकला चटकन आग लागू नये म्हणून त्यात ब्रोमीनची रसायनं मिसळलेली असतात. जुन्या एसीत आर-२२ नावाचा गॅस असतो. तो हवेत सोडला तर एक किलो गॅस सुमारे १८०० किलो कार्बन डायऑक्साइडइतकं तापमान वाढवतो.

वस्तू बंद आणि अखंड असते तोवर यातलं बहुतेक काही तुमच्या अंगावर येत नाही. पोटमाळ्यावरचा मॉनिटर विष ओकत बसलेला नसतो. तो फुटतो, जळतो किंवा ॲसिडमध्ये बुडतो, तेव्हा धोका सुरू होतो. पुढचं सगळं या एका गोष्टीभोवती फिरतं.

भंगाराच्या गाळ्यात काय होतं?

त्या भंगारवाल्याबरोबर मी त्याचा माल जातो त्या गाळ्यापर्यंत गेले. दहा बाय पंधराची जागा. दारात वजनकाटा, आत ढीग: पत्रा एकीकडे, प्लास्टिक दुसरीकडे, वायरींची भेंडोळी छताला टांगलेली. विशीतला एक मुलगा उकिडवा बसून सेट-टॉप बॉक्स उघडत होता. स्क्रू काढायला वेळ कशाला घालवायचा, म्हणून छिन्नी आणि हातोडी. दोन घाव कडेला, एक मध्ये, आणि झाकण सुटलं. बोर्ड त्याने तिरका धरून उजेडात पाहिला, सोनेरी टोकं किती आहेत ते बघितलं आणि एका विशिष्ट पोत्यात टाकला. दुसऱ्या प्रकारचे बोर्ड दुसऱ्या पोत्यात. वीस सेकंदांत त्याने माल ओळखला, तोडला आणि लावला. हातात मोजे नव्हते, तोंडावर काही नव्हतं.

त्याची नजर पाहून मी थक्क झाले. हे कौशल्य कुठल्याही यंत्राला लवकर जमणार नाही. धारावीच्या तेरा कंपाउंडपासून कुर्ला-साकीनाक्यापर्यंत मुंबईचं भंगार याच नजरेवर चालतं. गोळा करणं, वेगळं करणं, दुरुस्तीजोगं काढून परत बाजारात घालणं, हे आपल्याकडे जेवढं बारकाईने होतं तेवढं श्रीमंत देशांतही होत नाही.

बिघडतं ते त्यानंतर. तांबं लवकर मिळावं म्हणून वायरींचं वेष्टण जाळतात. ते प्लास्टिक कमी आचेवर धुमसत जळलं की डायॉक्सिन तयार होतात. डायॉक्सिन म्हणजे शरीरात वर्षानुवर्षं साचून राहणारी आणि कॅन्सरला कारण ठरू शकणारी रसायनं. आतलं तांबं ती तयार व्हायला हातभारच लावतं. बोर्ड पुढच्या मुक्कामी ॲसिडमध्ये टाकतात. शाळेत आपण आम्लराज शिकलो, सोनं विरघळवणारं मिश्रण. तेच इथे उघड्या टपांत, उघड्या हातांनी वापरलं जातं. उरलेलं ॲसिड गटारात किंवा नदीत जातं. दिल्लीचं सीलमपूर आणि उत्तर प्रदेशातलं, रामगंगेच्या काठचं मुरादाबाद ही ठिकाणं या कामासाठी ओळखली जातात. धुरातलं आणि धुळीतलं शिसं सर्वांत आधी लहान मुलांना गाठतं आणि त्यांच्या मेंदूच्या वाढीवर घाला घालतं. मुलांसाठी शिशाचं ‘इतकं चालेल’ असं कुठलंही प्रमाण नाही, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते.

इतकं करूनही सोनं हाती लागतं ते थोडंच. बंगळुरूतल्या अशा हातकामाचा अभ्यास झाला होता. त्यात बोर्डातलं चौथाईच्या आसपासच सोनं निघत असल्याचं दिसलं. चांगल्या कारखान्यात ते ९५ टक्क्यांपर्यंत निघतं. म्हणजे माणसाचे हात भाजतात, फुप्फुसं खराब होतात, आणि तीन चतुर्थांश सोनं गटारात वाहून जातं.

मग नीट पद्धत कोणती?

सुरुवात हातानेच होते. कामगार मोजे-मास्क घालून बॅटऱ्या, पाऱ्याचे दिवे, शिशाची काच आधी वेगळी काढतात. एसी-फ्रिजचा गॅस यंत्राने ओढून टाकीत भरतात. उरलेलं यंत्रात भरडलं जातं. लोहचुंबक लोखंड उचलतं, विजेच्या भोवऱ्यांवर चालणारं यंत्र ॲल्युमिनियम बाजूला उडवतं, प्लास्टिक वजनानुसार वेगळं होतं. डाळ पाखडताना सूप जे काम करतं तेच इथे मोठ्या प्रमाणावर चालतं.

सर्किट बोर्ड मात्र भट्टीत जातात. बाराशे अंशांच्या वर तापमान, आणि तळाशी वितळलेलं तांबं. ते तांबं सोनं, चांदी, पॅलेडियम स्वतःत ओढून घेतं. मग विजेच्या साहाय्याने तांबं शुद्ध केलं की मौल्यवान धातू गाळाच्या रूपात खाली उरतात. निघणारा वायू पुन्हा जाळतात आणि झटक्यात थंड करतात, म्हणजे डायॉक्सिन परत तयार व्हायला वेळच मिळत नाही. असे मोठे कारखाने जगात मोजके आहेत. बेल्जियमचा होबोकेन आणि स्वीडनचा रॉनशेर ही त्यांतली ठळक नावं. आता भारतालाही हे काम इथेच व्हायला हवं आहे. एप्रिल २०२५मध्ये चीनने काही दुर्मीळ खनिजांच्या आणि चुंबकांच्या निर्यातीवर निर्बंध आणले, तेव्हा आपल्या वाहन कंपन्यांची धावपळ झाली. त्याच जातीची चुंबकं जुन्या हार्डडिस्कमध्ये असतात. सप्टेंबर २०२५मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने अशी खनिजं कचऱ्यातून परत मिळवण्यासाठी १५०० कोटींची योजना मंजूर केली.

हा खर्च कोणी करायचा?

ज्यांनी आरेचं दूध काचेच्या बाटलीतून घेतलं आहे त्यांना हे चटकन कळेल. रिकामी बाटली केंद्रावर परत द्यायची आणि भरलेली घ्यायची. बाटली गोळा करणं, धुणं ही दूध विकणाऱ्याची जबाबदारी. ई-कचऱ्याच्या कायद्यातलं मुख्य तत्त्व हेच. त्याला म्हणतात ‘विस्तारित उत्पादक जबाबदारी’, इंग्रजी आद्याक्षरांनी ईपीआर. ज्या कंपनीने वस्तू विकली, तिनेच ती निकामी झाल्यावर ठरावीक प्रमाणात रिसायकल करवून घ्यायची. सुरुवातीच्या दोन वर्षांसाठी हे प्रमाण ६० टक्के होतं, मग ७०, आणि २०२७-२८पासून ८० टक्के. कंपनी स्वतः भट्टी लावत नाही. नोंदणीकृत रिसायकलर काम करतो, त्याला प्रमाणपत्रं मिळतात, आणि कंपनी ती विकत घेते.

भांडण रिसायकलरला द्यायच्या दरावर आहे. सरकारने घरगुती उपकरणांसाठी किलोमागे किमान २२ रुपये ठरवले, आणि काही मोठ्या कंपन्या त्याविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या. मला सरकारची बाजू पटते. गॅस ओढून घ्यायला, पारा सांभाळायला, कामगाराला मास्क द्यायला पैसा लागतो. तो पैसा मिळाला नाही तर माल परत छिन्नी-हातोडीकडेच वळणार.

“पण भंगारवाला घरी येतो, पैसे देतो. त्याच्या पोटावर पाय का आणायचा?”

आणूच नये. तो नसता तर ही सगळी उपकरणं देवनारच्या आणि कांजूरच्या कचऱ्याच्या डोंगरांवर गेली असती. त्याला बाजूला सारून नव्हे, त्याला सोबत घेऊनच मार्ग निघेल. गोळा करणं आणि वर्गवारी त्याच्याकडे राहावी, जाळणं आणि ॲसिड थांबावं. त्यासाठी त्याच्याकडून माल न फोडता नोंदणीकृत रिसायकलरकडे जायला हवा, आणि त्याचा दर त्याला परवडायला हवा. तोवर आपण एवढं करू शकतो: लोखंडी खाट, पातेली, रद्दी त्याला द्यायची, आणि बोर्ड, बॅटरी, पारा, जाड काचेची स्क्रीन किंवा गॅस असलेली वस्तू अखंड ठेवून नोंदणीकृत ठिकाणी पाठवायची. माझ्या गोणीचे तो साडेतीनशे रुपये देत होता. ते सोडायला मला जड गेलं नाही, पण ज्या घरात साडेतीनशे मोलाचे आहेत, त्या घराला मी उपदेश करणार नाही. म्हणूनच कंपन्यांनी वस्तू परत घेताना पैसे द्यायला हवेत, या मागणीत मला तथ्य वाटतं.

“फोनमध्ये माझे फोटो आणि बँकेची माहिती आहे”

खणात फोन पडून राहतात ते बहुतेक याच भीतीने. भीती खोटी नाही. कॉम्प्युटरवर फाइल ‘डिलीट’ केली की ती जात नाही. सोसायटीच्या पाटीवरून नाव पुसलं तरी माणूस घरात राहतच असतो, तसं. साध्या हार्डडिस्कवर सगळ्या जागेवर नवा मजकूर लिहिणारं सॉफ्टवेअर चालवावं लागतं, किंवा डिस्कला भोकं पाडावी लागतात. अलीकडच्या स्मार्टफोनचं काम सोपं आहे. त्यातली माहिती मुळातच कुलूपबंद लिपीत साठवलेली असते, आणि ‘फॅक्टरी रीसेट’ केलं की किल्लीच नष्ट होते. आधी फोटो उतरवून घ्या, खात्यातून बाहेर पडा, सिम आणि कार्ड काढा, मग रीसेट. सुरूच होत नसलेला फोन असेल तर रिसायकलरकडून माहिती नष्ट केल्याचा दाखला मागा.

“पुढे ते खरंच नीट करतात कशावरून?”

ही शंका रास्त आहे. प्लास्टिक कचऱ्याच्या अशाच पद्धतीत २०२३मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाला सहा लाखांवर बोगस प्रमाणपत्रं सापडली होती. त्यामुळे “ई-कचरा घेतो” अशी पाटी पुरेशी नाही. केंद्रीय मंडळाच्या ई-कचरा पोर्टलवर आणि महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या वेबसाइटवर नोंदणी असलेल्यांच्या याद्या असतात. त्यात नाव बघा. मग फोन करून विचारा: बोर्ड तुम्ही स्वतः प्रक्रिया करता की पुढे पाठवता, आणि कुठे? पावती देता का? सरळ काम करणारा सरळ उत्तर देतो.

तोवर घरात काय?

जे चालतं ते आधी चालवा. लॅपटॉप आणि फोनमुळे होणाऱ्या प्रदूषणाचा मोठा भाग तो बनवतानाच होऊन गेलेला असतो. दोन वर्षं जास्त वापरणं हा सर्वांत स्वस्त उपाय. ‘विंडोज १०’च्या मशीनना ऑक्टोबर २०२६पर्यंत एक वर्षाची वाढीव सुरक्षा घेता येत होती, आणि फुकट मिळणारी लिनक्स प्रणाली जुन्या प्रोसेसरवर छान चालते. आमच्या तीन घरांपैकी दोघांनी तेच केलं. तिसऱ्यांचा कॉम्प्युटर लॅमिंग्टन रोडच्या कॉम्प्युटर बाजारात नवी डिस्क घालून एका शिकणाऱ्या मुलीकडे गेला.

बॅटरीचं मात्र उद्यावर ढकलू नका. पालिकेच्या कचरागाडीत कचरा दाबला जातो. लिथियमची बॅटरी दाबली गेली की आत ठिणगी पडते आणि आग लागते. फुगलेली बॅटरी चार्ज करू नका, टोचू नका, दाबून बसवू नका. सुट्या बॅटरीच्या टोकांना चिकटपट्टी लावा.

माझा तो फुगलेला फोन अकरा दिवस बाल्कनीत, पत्र्याच्या डब्यात कोरड्या वाळूत पुरून ठेवला होता. नोंदणीकृत रिसायकलरचा माणूस टेम्पो घेऊन आला तेव्हा सोसायटीतून एकोणीस घरांचा माल खाली जमला होता. एक्स्टेंशन बोर्ड, दोन मायक्रोवेव्ह, एक वॉशिंग मशीन, आणि मोबाइल सत्तेचाळीस. माल चढवायला आमचा भंगारवालाच होता. त्या दिवसाची मजुरी आम्ही वर्गणी काढून दिली. जाताना त्याने टेम्पोवाल्याचा नंबर मागून घेतला, आणि न फोडलेल्या बोर्डाला किलोला काय भाव देणार, ते विचारलं.